अनुभव धागा : विलायतेतलं तुमचं गाव

ब्रिटनमध्ये राहून आलेल्या मराठी माणसाकडून आपण लंडनच्याच गोष्टी ऐकतो. पण आपल्यातले कितीतरी जण नोकरीमुळे, लग्नामुळे किंवा शिक्षणासाठी अशा गावांत जाऊन राहिले, ज्यांची नावं इकडे कुणी ऐकलेलीही नाहीत. शेजारच्या आजीने कुंपणावरून, न्हाव्याने केस कापता कापता, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याने पावसात उभं राहून आपल्याला त्या गावाचा इतिहास सांगितला. ती सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत, काही तर गेलीसुद्धा. म्हणून हा धागा. तुम्ही राहिलात ते गाव कोणतं, तिथे काय घडलं होतं आणि ते तुमच्यापर्यंत कुणाकडून पोचलं, ते लिहा. गावाचं नाव जरूर द्या, माणसांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

डर्वेंट, डर्बीशर

हे गाव आता नाही. मी राहते लेस्टरमध्ये, पण सांगायचं आहे ते या पाण्याखालच्या गावाबद्दल.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेकाठी. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. आजी नव्या गावठाणात राहायला आली, तरी पत्ता सांगायची तो जुन्या गावाचाच : पारावरून खाली उतरलं की डाव्या हाताला आपलं घर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर यायचं आणि मामा आम्हाला होडीतून न्यायचा. आजी सोबत यायची आणि पाण्याकडे बोट करून एकेकाची घरं सांगायची.

२०१८चा उन्हाळा इकडे फार कोरडा गेला. नोव्हेंबरमध्ये बातमी आली की लेडीबोवर धरणाचं पाणी ओसरलंय आणि खालचं डर्वेंट गाव दिसू लागलंय. शनिवारी गाडी काढून गेले. भेगा पडलेला गाळ, दगडी पायांच्या ओळी आणि पडक्या भिंतींचे ढीग. डर्बी, नॉटिंगहॅम, शेफील्ड आणि आमचं लेस्टर, या शहरांना पाणी हवं म्हणून वरच्या अंगाला आधी दोन धरणं झाली होती. लेडीबोवरचं काम १९३५ला सुरू झालं आणि डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन्ही गावं त्यात गेली. डर्वेंटच्या चर्चच्या आवारातली प्रेतं उकरून खालच्या बॅमफर्ड गावी पुन्हा पुरली. चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून ठेवला होता. तलाव भरल्यावर तो पाण्यातून वर डोकावत राहिला. पुढे १९४७मध्ये तोही सुरुंग लावून पाडला. नदीवरचा जुना दगडी पूल मात्र दगड न् दगड सुटा करून जपून ठेवला आणि नंतर वरच्या अंगाला पुन्हा उभा केला. तो आजही आहे, मी त्यावरून चालले आहे.

काठावर माझ्याशेजारी एक गृहस्थ काठी टेकून उभे होते. त्यांची आई डर्वेंटची. गाव उठलं तेव्हा ती विशीत होती आणि नंतर बॅमफर्डजवळच, धरणवाल्यांनी बांधून दिलेल्या घरांत राहिली. "ती परत इकडे कधी आली नाही," ते म्हणाले. "पाणी उतरलं की लोक बघायला जायचे, ती त्या दिवशी घराचे पडदे ओढून घ्यायची." मी त्यांना माझ्या आजीबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काठीने गाळाच्या पलीकडे एक जागा दाखवली आणि मला म्हणाले, तुमच्या आजीसारखं कुणी असतं तर मला घर नक्की कुठे होतं ते कळलं असतं.

मी गेली एकोणीस वर्षं त्या धरणांचं पाणी पिते आहे. आजीला हे सांगायचं राहून गेलं.

ट्रेडेगर, दक्षिण वेल्स

ताई, तुमचं वाचून लिहायला बसले. आमचे हे मिरजेला शिकलेले डॉक्टर. १९७६ साली वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यात यांना दवाखाना मिळाला. तिकडचे डॉक्टर त्या खोऱ्यांत यायला फारसे तयार नसत, म्हणून एकेका खोऱ्यात तीन-चार तरी भारतीय डॉक्टर असायचेच. डोंगराच्या कुशीत एकाला एक चिकटलेली घरं, वर खाणीतल्या मातीचे काळे ढिगारे आणि बाराही महिने पाऊस. पहिल्या वर्षी मी रोज रडले.

मग कळलं की आपण साध्यासुध्या गावात आलेलो नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ला सुरू झाली आणि ती उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन याच गावचे, खाणकामगाराचे पोर. त्यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो गावातल्याच ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटीचा. कामगारांनी पगारातून आठवड्याला थोडे थोडे पैसे काढून ठेवायचे आणि त्यातून सगळ्या घरादाराला डॉक्टर, औषध, चष्मे, दात मिळायचे. म्हातारे पेशंट यांना सांगायचे, "डॉक्टर, साऱ्या देशाला जे मिळालं, ते आमच्याकडे आधीपासून होतं." तो अभिमान मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही.

यांच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा माणसांची तक्रार एकच, धूळ. खाणीतल्या धुळीने होणाऱ्या आजाराला ते नुसतं 'धूळ' म्हणायचे. "त्याला धूळ आहे" म्हटलं की पुढचं बोलायची गरजच नसायची. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या वर्षभराच्या संपात यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी इतर बायकांबरोबर डबाबंद अन्नाची पाकिटं भरली. मसूर शिजवायचा कसा, ते मी त्यांना शिकवलं. मार्च १९८५मध्ये माणसं कामावर परतली, पण थोड्याच वर्षांत एकेक खाण बंद होत गेली.

आणखी एक सांगते. एका खोऱ्यापलीकडे ॲबरव्हॅन आहे. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळी सव्वानऊ. पावसाने भिजलेला मातीचा ढिगारा डोंगरावरून सुटला आणि प्राथमिक शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांतली ११६ मुलं. आमच्या गावातून माणसं फावडी घेऊन धावली होती. आमच्या दवाखान्यात साफसफाईला येणाऱ्या बाई त्यांतल्याच एकाच्या पत्नी. दहा वर्षांत त्या याबद्दल एकदाच बोलल्या, तेही एवढंच, की तो घरी आला तेव्हा त्याच्या हातांना नखं नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला 'कुच' दिला. वेल्श माणूस कुशीत घेण्याला कुच म्हणतो आणि जिन्याखाली कोळसा ठेवायच्या कप्प्यालाही कुच. आपली कुशी आणि त्यांचा कुच, मला तो शब्द कधी परका वाटलाच नाही.

स्टोक रो, ऑक्सफर्डशर

माझा अनुभव छोटा आहे. कामासाठी आठ महिने रेडिंगजवळ होतो. रविवारी सायकलने स्टोक रो नावाच्या खेड्यात पोचलो, तर रस्त्याच्या कडेला सोनेरी घुमटाची छत्री आणि तिच्याखाली यंत्रावर उभा सोनेरी हत्ती! ती विहीर आहे. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या, पाणी सगळं खाली झिरपतं, त्यामुळे गावाला पाण्याचे हाल. इथल्याच भागातला रीड नावाचा एक अधिकारी हिंदुस्थानात होता. घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला मार बसल्याची गोष्ट त्याने काशीच्या महाराजांना सांगितली. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि पुढे विहिरीसाठी पैसे पाठवले. १८६४मध्ये ती खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम ४ फूट, सगळी हाताने खणलेली. एकावेळी एकच माणूस खाली, मेणबत्तीच्या उजेडात. मी मराठवाड्यातला. आमच्याकडे विहीर खणताना माणूस आत असला की बायका वर गप्प बसून राहतात. त्या कठड्याशी मीही तसाच बसलो होतो.

बर्नली, लँकेशायर

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. गिरणीत मागाला साचा म्हणतात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. घरात त्यावर बोलणं नव्हतं.

२००६ ते २०१२ मी बर्नलीत होतो. लँकेशायरच्या कापड धंद्यातलं हे मोठं गाव. शेजारच्या नव्वदीच्या बाई चौदाव्या वर्षी मागावर उभ्या राहिलेल्या. त्यांच्याकडून कळलं की पहाटे एक माणूस लांब काठीच्या टोकाला तारा बांधून माडीवरच्या खिडक्या वाजवत जायचा, कामगारांना उठवायला. (आमच्याकडे भोंगा होता.) उन्हाळ्यात एकदा सबंध गाव सुट्टीवर जायचं. सगळ्या गिरण्या एकदम बंद, सगळे ब्लॅकपूलला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. बाई म्हणायच्या, त्या आठवड्यात धुराडी थांबायची आणि पेंडल डोंगर असा दिसायचा, की हात लावावा.

आणखी एक गोष्ट त्यांच्या आजीकडून आलेली. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरमध्ये लोक उपाशी राहिले. त्या काळात मुंबईहून कापूस आला, त्याला इकडे सरसकट 'सुरत' म्हणायचे. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. देवा, कापूस दे, पण सुरत नको, अशी प्रार्थना लोक करायचे म्हणे. तिकडे त्याच कापसाच्या पैशावर मुंबईत शेअर्सचं वेड लागलं आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. इथे भूक आणि तिथे चंगळ, एकाच कापसाच्या दोन बाजू. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

२००९मध्ये बाबा आले. गावाच्या टोकाला क्वीन स्ट्रीट मिल आहे, वाफेवर चालणारी विणाईची गिरणी, तेव्हा संग्रहालय म्हणून चालू होती. ती बंद पडली १९८२मध्ये. पाटीवरचा तो आकडा बाबांनी दोनदा वाचला.

आत इंजिन चालू होतं आणि दहा-बारा माग सुरू केले होते. दहा-बाराच, पण आवाज असा की मी कान झाकले. बाबांनी नाही झाकले. ते सरळ मागाजवळ गेले. एक वयस्कर इंग्रज बाई, पूर्वीची विणकर, लोकांना माहिती देत होती. त्या आवाजात ती नुसते ओठ हलवून बोलत होती, मोठे मोठे, चेहरा ताणून. लँकेशायरमध्ये त्याला मी-मॉ म्हणतात. बाबांनी तसेच ओठ हलवून तिला उत्तर दिलं. मराठीत! तिने धोटा (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन) हातात घेऊन तोंडाला लावल्याचं दाखवलं. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. बाबांनी मान हलवली आणि स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं. बाईनेही आपले दात दाखवले.

बाहेर आल्यावर बाबा पहिल्यांदा गिरणीबद्दल बोलले. त्या धोट्याच्या तोंडामुळेच मुंबईत साचेखात्यात दलितांना घेत नसत, कारण एकाचं उष्टं सूत दुसऱ्याच्या तोंडात जाणार. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरून लावला. बाबांच्या आधीच्या पिढीतल्या आमच्या माणसांना कातखात्याच्या पुढे जाता आलं नव्हतं. "मी साच्यावर उभा राहिलो," बाबा म्हणाले, "माझे आजोबा पगाराच्या दिवशी दारातून बघून गेले होते."

ईम, डर्बीशर

शेफील्डला शिकत असताना बसने गेले होते. १६६५मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापड आलं आणि त्याबरोबर प्लेग आला. गावातले धर्मगुरू मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे स्टॅन्ली, ज्यांचं आपसात पटत नव्हतं, त्यांनी मिळून गावकऱ्यांना वेशीच्या आत थांबायला राजी केलं. बाहेरच्यांना आपल्यामुळे लागण होऊ नये म्हणून. वेशीवर एक दगड आहे, वर खळगे पाडलेले. त्यांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, आणि शेजारच्या गावचे लोक तिथे अन्न ठेवून जायचे. मी खळग्यात बोट घातलं, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्या आहेत. हँकॉक घराण्यातल्या एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली. मॉम्पेसन यांची पत्नीही त्यातच गेली.

मी पुण्याची. आमच्याकडे १८९७चा प्लेग म्हणजे गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, आणि आजारी माणसांची सेवा करताना १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई. ईमच्या लोकांना वेस ओलांडू नका असं कुणीतरी समजावून सांगितलं. पुण्यात समजावणारं कुणी पाठवलंच नाही, हा सल मला त्या दगडाशी फार टोचला.

ओल्डहॅम

बर्नलीवाले दादा, आमच्या ओल्डहॅममध्ये प्लॅट ब्रदर्सचा कारखाना होता. कापड धंद्याची यंत्रं जगभर पाठवणारा, मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा. लँकेशायरच्या यंत्रांवर कारखान्याचं आणि गावाचं नाव ओतलेलं असायचं. बाबांना आठवतंय का विचाराल?

बर्नली (पुन्हा)

आत्ताच फोन केला. बाबा म्हणतात, साच्याच्या अंगावर लोखंडातच वर आलेली इंग्रजी अक्षरं होती. त्यांना त्यातलं शेवटचं 'इंग्लंड' एवढंच वाचता यायचं. दसऱ्याला साच्याची पूजा करताना हळदकुंकू त्या अक्षरांवरच लावायचे. वर्षानुवर्षं लावून ती लाल झाली होती आणि संपाला निघायच्या दिवशी त्यांनी त्यांवरून फडकं फिरवलं होतं.