मदत हवी आहे: बागेच्या वाफ्यात रंगीत सीझनल फुलं कुठली लावू? (२६ जानेवारीच्या आत)

कडकभाकरी: लवकर सांगा प्लीज, रविवारी नर्सरीत जायचंय. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या बागेत गेटमधून शिरलं की समोरच वाफा आहे, त्यात फुलं लावायचीत, झेंडावंदन तिथंच असतं त्यामुळे तोवर रंगीबेरंगी दिसलं पाहिजे. मागच्या वर्षी पेटुनिया लावला आणि पार फजिती झाली, वर्गणी दिलेले काका अजून टोमणे मारतात. बजेट कमी आहे.

उन्हाळी_सदू: झेंडू. विषय संपला.

रेगूर: वाफा केवढा? ऊन किती तास? पाणी कुठलं? आणि फजिती म्हणजे नक्की काय?

कडकभाकरी: २० बाय ४ फूट असेल. पाणी बोअरचं. ऊन काय विचारता मालक, सोलापूर आहे हे! फक्त नावं सांगा.

उन्हाळी_सदू: आज २५ नोव्हेंबर, हातात ६२ दिवस. बी टाकत बसू नका, मोठ्या झेंडूला बियापासून फुलायला ६०-७० दिवस लागतात. रोपंच आणा, बुटका मखमली घ्या, वीतभर अंतरावर लावा. शेंडा खुडायचा तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच खुडा, नंतर खुडाल तर २६ ला नुसत्या कळ्या.

तुळशीवृंदावन: झेंडू लावा आणि सकाळी सहाला जाऊन बघा, फिरायला येणारे पिशवी घेऊनच येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडं नुसते दांडे उरले होते. सदाफुली लावा, कडू असते, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

उन्हाळी_सदू: सदाफुली उन्हाळ्यातली ओ. थंडीत मंदावते. त्यात काळ्या मातीत रोज पाइप सोडला की मुळं कुजून जाते.

तुळशीवृंदावन: आमच्या दारात बारा महिने फुलते. नावातच सदा आहे की.

पिंडीचा_बेल: जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर निंबोळी तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

कडकभाकरी: जास्वंद कुणी विचारली?

चौकातला_बंडू: फुलंबिलं सोडा, पेव्हर ब्लॉक टाका. एकदाच खर्च, पाणी नको का माळी नको. बाकी यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला कोण कोण येतंय?

तुळशीवृंदावन: नंदीध्वज बघायला दरवर्षी असतो आम्ही.

रेगूर: गड्डा राहू द्या जरा. मागच्या वर्षी पेटुनियाचं झालं काय? मेली का रोपं?

कडकभाकरी: मेली नाहीत ओ. हातभर लांबली, पानंच पानं, सगळी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला कललेली. तेवढ्या वाफ्यात फुलं मोजून चार.

रेगूर: भिंत? कुठली भिंत?

कडकभाकरी: समाजमंदिराची. वाफा तिच्या पायाशीच आहे ना. लिहिलं नव्हतं का मी?

रेगूर: नाही. आणि वाफा भिंतीच्या उत्तरेला आहे ना?

कडकभाकरी: हो. तुम्हाला कसं कळलं?

रेगूर: रोपं लांबून उजेडाकडं कललेली सांगितलीत त्यावरून, ऊन कमी पडलं की तसंच होतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला सरकतो, आपल्याकडं १० फुटी भिंतीची सावली भर दुपारी बारालासुद्धा आठ-नऊ फूट पडते, तुमचा ४ फुटी वाफा आख्खा त्यात. एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून ऊन येतं म्हणून तुम्हाला वाटतं ऊन भरपूर आहे. झेंडू, पेटुनिया, झिनिया, डायन्थस, सगळ्यांना निदान ५-६ तास थेट ऊन लागतं. त्या वाफ्यात कोलियस लावा, फुलांची गरजच नाही, पानंच लाल-जांभळी असतात. मध्ये मध्ये इम्पेशन्स, तेरड्याच्या जातीतलं, सावलीतही फुलतं. झेंडू ध्वजस्तंभाभोवती गोल लावा. तिथं ऊन आहे का?

कडकभाकरी: दिवसभर. पण तिथं मागच्याच वर्षी पेव्हर ब्लॉक बसवलेत.

रेगूर: बंडू, आता काढायला तुम्हीच या.

चौकातला_बंडू: 🙏

कडकभाकरी: ब्लॉक काढू देणार नाहीत, काकांच्याच वर्गणीतले आहेत ते. स्तंभाभोवती कुंड्या ठेवतो. १० इंची प्लास्टिकची कुंडी सध्या कितीला पडते? ३० तरी लागतील. आणि त्यात काय लावू?

उन्हाळी_सदू: झेंडू.