मदत हवी आहे: जहाजावरच्या लोकांना विकायला चामड्याच्या कोणत्या वस्तू करू?

रापीवाला
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. जहाजावर काम करणाऱ्यांना विकता येतील अशा चामड्याच्या वस्तू सुचवा. चपला सोडून. चामडं घरात आहे, हात बसलेला आहे, गिऱ्हाईकही आहे. आधी चाकूची म्यानं आणि पाकिटं दिली होती, ती काळे डाग पडले, बुरशी धरली म्हणून परत आली. आता पुढच्या आठवड्यात नवे नमुने मागितलेत. व्हिडिओत सगळे परदेशी चामडं आणि परदेशी हत्यारं दाखवतात, त्याचा मला उपयोग नाही.

तांबडापांढरा
भावा, चपला सोडून का? कोल्हापुरात बसून चपला नाही विकायच्या तर काय विकायचं? कापशीची एक जोडी दे पाठवून, गडी नाद सोडणार नाही.

सागरगोटा
मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. डेकवर आणि इंजिनरूममध्ये सेफ्टी शूजशिवाय पाऊल टाकता येत नाही. ओल्या लोखंडी डेकवर चामड्याचा गुळगुळीत तळ म्हणजे सरळ अपघात. केबिनमध्ये घालतील फार तर. रापीवाला, आधी हे सांगा की जहाज कसलं? मर्चंट नेव्ही, नौदल, कोकणातले मच्छीमार की शिडाच्या होड्यांचे हौशी लोक? चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत.

रापीवाला
मर्चंट नेव्हीच, आणखी कोण असणार! मित्राच्या ओळखीतला एक जण मुंबईत जहाजावर चढणाऱ्या पोरांना सामान पुरवतो. वस्तू सांगा ना.

कातडीशास्त्र
वस्तू नंतर. चामडं कोणतं, क्रोमच्या क्षारांत पकवलेलं की झाडाच्या सालीत? बक्कल, रिव्हेट कसले? दोरा कसला? शेवटी तेल कोणतं लावलंत? हे कळल्याशिवाय जे सांगू ते परत बुरशी धरून येईल.

रापीवाला
आमच्यात वापरतात तेच की. म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात पकवलेलं. रिव्हेट बाजारात मिळाले ते. दोरा सुती. तेल गोडेतेल, घरात दुसरं कुठलं असणार?

कातडीशास्त्र
मग सगळा उलगडा झाला. हिरड्यातल्या टॅनिनला लोखंड आणि ओल मिळाली की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) उकळून शाई करायचे, तेच तुमच्या म्यानात घडलं. रिव्हेट मुलामा दिलेले लोखंडी असणार, खारी हवा लागून मुलामा गेला आणि डाग उतरला. त्यात ओल्या म्यानात पातं कायम ठेवलं तर पातंही गंजतं. गोडेतेल आणि सुती दोरा म्हणजे बुरशीला जेवणाचं ताट. दोरा सुतीऐवजी मेण लावलेला पॉलिएस्टर घ्या. धातू ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, नेहमीचं ३०४ प्रतीचं सुद्धा समुद्रावर तांबूस डाग धरतं. पितळ चालेल, पण चामड्यातल्या तेलानं हिरवट थर येतो, तो गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

घोड्यांचा_खोगीरवाला
सालीचं चामडं समुद्रावर नेऊच नका. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलं की लाकडासारखं कडक होतं. क्रोमचं घ्या, भिजलं तरी मऊ राहतं. मी पट्टे क्रोमचेच करतो, आजवर तक्रार नाही.

कातडीशास्त्र
पट्ट्याला ठीक. पण क्रोमचं चामडं साच्यावर बसवता येत नाही, त्यावर ठसा उठत नाही, कडा घासून गुळगुळीत होत नाही. आणि कोल्हापूरच्या माणसानं बाभळीच्या सालीचं चामडं सोडायचं, मग याच्याकडून का घ्यायचं? क्रोमचं तर कुठेही मिळतं.

घोड्यांचा_खोगीरवाला
भिजणाऱ्या वस्तूबद्दल बोलतोय मी. दोरखंड घासू नये म्हणून त्याला गुंडाळायचं चामडं, सुकाणूच्या चाकावरचं आवरण, ही कामं सालीच्या चामड्यानं करून दाखवा.

सागरगोटा
दोघंही बरोबर बोलताय, पण त्या वस्तू शिडाच्या होडीवाल्यांच्या. मालवाहू जहाजावर कोणी चाकाला चामडं गुंडाळत नाही. आमच्या पोरांना काय लागतं ते सांगतो. पहिली वस्तू कागदपत्रांची फाइल. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक), पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड, मेडिकल आणि कोर्सची सगळी प्रमाणपत्रं. प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक एजंटासमोर ती काढावी लागतात आणि सगळे प्लास्टिकच्या फाइलमध्ये कोंबून नेतात. प्रमाणपत्रं ए-फोर मापाची, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. त्यांना घडी पडलेली कोणालाच आवडत नाही. अशी एक भक्कम फाइल माझ्या वेळी कोणी विकली असती तर मी पहिल्या पगारातून घेतली असती.

मालवणी_माणूस
आमच्याकडच्या होड्यांसाठी करा की! वल्हं जिथं खोबणीत घासतं तिथं चामडं लावतात. ओलं असताना ताणून शिवायचं, वाळलं की आवळून बसतं. तुमच्या शिवणीची कमाल तिथं दिसेल.

रापीवाला
वल्ह्याचं भारी आहे, पण माझं गिऱ्हाईक मच्छीमार नाही. फाइलचं पटलं. म्यानं करू का नको?

सागरगोटा
आधी विचारा. माझ्या शेवटच्या जहाजावर खासगी चाकू बंद होते. जिथं चालतात तिथं अणकुचीदार टोक नसलेला, दोरीने पट्ट्याला बांधलेला चाकू ठेवतात, म्हणजे उंचावरून कोणाच्या डोक्यात पडत नाही. आणि चाकू विमानात हातातल्या पिशवीत नेता येत नाही, चेक-इनमध्येच. नुसतं म्यान विकणं म्हणून अवघड.

आजरेकर_काकू
विषय निघालाच आहे तर विचारते. माझा भाचा बारावी सायन्सला आहे, त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. कोल्हापुरात एकानं पैसे भरा, थेट नोकरी देतो म्हणून सांगितलंय. करावं का?

सागरगोटा
काकू, अजिबात पैसे भरू नका. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा आणि आयएमयूच्या (इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी या प्रवेश परीक्षेची तयारी करायला सांगा. थेट नोकरीच्या नावाखाली फसलेली पोरं मी बघितलीत. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

पन्हाळगड
फाइलवर नौदलाचं चिन्ह उठवा! २०२२ मध्ये नव्या ध्वजावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, खाली 'शं नो वरुणः'. कोल्हापूरच्या माणसानं ते चामड्यावर उठवलं तर अभिमानाची गोष्ट.

कातडीशास्त्र
भावना समजते, पण त्यात अशोकस्तंभाचं राजचिन्ह आहे. ते विक्रीच्या वस्तूवर वापरायला २००५ च्या कायद्यानं बंदी आहे. साधा नांगर उठवा, किंवा घेणाऱ्याच्या नावाची अक्षरं.

तांबडापांढरा
मग जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का तरी मारू दे की त्याला. २०१९ ला मिळालाय कोल्हापुरीला, इटलीवाल्यांनी नक्कल केली तेव्हा साऱ्या जगाला कळलं.

कातडीशास्त्र
तो 'कोल्हापुरी चप्पल' या वस्तूपुरता आहे, फाइलला लागत नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, एवढ्या जिल्ह्यांतल्या चपलेला. तिथंही वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. 'बाभळीच्या सालीत पकवलेलं, हातानं शिवलेलं' हे खरं आहे, तेच लिहा.

रापीवाला
मशीन नाही माझ्याकडे, सगळं आरीनं शिवतो. फाइल एवढी लांब हातानं शिवली तर दर परवडेल का?

घोड्यांचा_खोगीरवाला
हातानंच शिवा. दोन सुयांनी एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा नेला की एक टाका तुटला तरी बाजूचे टिकतात. मशीनची शिवण एकदा तुटली की पुढं उसवत जाते. जहाजावर शिवून द्यायला कोण बसलंय? हे सांगितलंत तर दर मागता येतो. आणि सालीच्या चामड्याला मी नको म्हणालो ते भिजणाऱ्या वस्तूंसाठी. केबिनमधल्या फाइलला चालेल, मेण भरलंत तर.

उद्यमनगर_लेथ
३१६ च्या पट्टीतून बक्कल, कड्या, रिव्हेट इथं उद्यमनगरात करून मिळतात. नग कमी असले तरी विचारा, बाजारच्या मुलाम्याच्या मालापेक्षा महाग पडेल पण डाग पडणार नाही.

रापीवाला
ठरलं. ए-फोरची फाइल, आत पासपोर्ट आणि सीडीसीचे कप्पे, बाहेर नांगर. सीडीसीचं माप त्या सामान पुरवणाऱ्याकडूनच घेतो, रिव्हेटला उद्या उद्यमनगरात जातो. एवढंच सांगा, मेण भरायचं कसं? नुसतं चोळून आत जात नाही.

कातडीशास्त्र
मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. विस्तवावर थेट ठेवू नका, पातेल्यात पाणी घेऊन त्यात डबी सोडा. चामडं आधी पूर्ण कोरडं हवं. ओल असताना गरम मेण लागलं तर आकसून वाकडं होतं, ते परत सरळ होत नाही. नांगराचा ठसा मेणाच्या आधी मारा, नंतर उठणार नाही. फडक्यानं पातळ थर द्या, केस वाळवायच्या यंत्रानं हळूहळू शोषवा, जास्तीचं पुसा. कप्प्यांच्या आतल्या बाजूला मात्र मेण नको, कागदाला लागेल. आणि आधी एका कातरणीवर करून बघा, रंग गडद होतो.