टेलस्टारला ३६०० सौरघट आणि वीज फक्त १४ वॅट?

गच्चीवाला: लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी रविवारभर थर्माकोलच्या गोळ्यावर काळे कागदी तुकडे चिकटवतोय. १९६२ चा टेलस्टार, अमेरिका-युरोपमध्ये टीव्ही-फोनचे संदेश पोहोचवणारा उपग्रह. चारशे झाले, फेव्हिकॉल संपला, संयमही. खऱ्या गोळ्यावर ३६०० घट होते म्हणे आणि वीज जेमतेम १४ वॅट! आमच्या गच्चीवरचं एक पॅनल ५४० वॅटचं आहे. इतके टाकाऊ होते का ते घट?

जुना रेडिओवाला: टाकाऊ नव्हते हो! एक घट १ बाय २ सेंमीचा. सगळे मिळून पाऊण चौरस मीटरही भरत नाहीत. तुमचं पॅनल अडीच चौरस मीटरचं असेल. त्यात हा गोळा. दिवे घालवून त्यावर टॉर्च मारा: अर्धा भाग काळोखात, कडेला उजेड तिरपा. हिशेब केला तर गोळ्याला पृष्ठभागाच्या पाव हिश्शाइतकंच ऊन मिळतं. म्हणजे ३६०० मधले ९०० सूर्यासमोर मांडल्यासारखे.

गच्चीवाला: मग सपाटच लावायचे की!

जुना रेडिओवाला: आणि सूर्याकडे वळवणार कोण? तो भोवऱ्यासारखा गरगरत स्थिर राहायचा, म्हणून चहूकडून घट. शिवाय अटलांटिकच्या दोन्ही काठांना एकदम दिसायचा तो फेरीत वीसेक मिनिटं. तेवढ्यापुरता संदेश पाठवणारा प्रक्षेपक चालवायचा, बाकी वेळ निकेल-कॅडमियम बॅटरी भरायची. चौदा वॅटात संसार असा चालतो.

अवकाशवेडा: पण किरणोत्सर्गाने घटच गेले ना शेवटी?

जुना रेडिओवाला: हा गैरसमज फार आहे. घटांवर कृत्रिम नीलमाचं पातळ कवच होतं, आणि किरणोत्सर्ग जास्त सोसणारी एन-ऑन-पी रचना (सिलिकॉनचा एन थर वर, पी खाली) मुद्दाम निवडली होती. दगा दिला ट्रान्झिस्टरांनी. १० जुलैला टेलस्टार उडाला, त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेनेच पॅसिफिकवर उंच अवकाशात अणुबॉम्ब फोडला होता, ‘स्टारफिश प्राइम’. त्याचे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात, टेलस्टारच्या वाटेवरच अडकले. नोव्हेंबरात जमिनीवरून आलेल्या आज्ञा उलगडणारं सर्किट बंद पडलं. जानेवारीत खटपट करून जागं केलं, पण २१ फेब्रुवारी १९६३ ला कायमचं गप्प. माझ्या हातून ट्रान्झिस्टर मेले ते सोल्डरिंगच्या चटक्याने, हे निराळंच!

गच्चीवाला: म्हणजे मागची बाजू रिकामी सोडली तर चालेल, तिथे अंधारच! लेकीला सांगितलं. ती म्हणते, “बाबा, तो फिरतो.” चाललो फेव्हिकॉल आणायला.