खालून बघितल्याशिवाय सौदा नको
दादा, दोन लाख किलोमीटर झालेली जुनी डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घेऊ का विचारलंत आणि जो तो इंजिनावरच बोलतोय. इंजिनाचं सोडा ओ, ते उघडून बांधता येतं, आपल्याकडे किनाऱ्याला गाडी मरते ती गंजाने. मी हर्णैचा. माझी वरून चकाचक होती, खालून ताजा काळा रंग मारलेला, मी खूश, आणि पहिल्याच पावसाळ्यात मेस्त्रीने चासीच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या आडव्या पट्टीला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आरपार, पापड मोडावा तसा आवाज! तेव्हा नवा काळा रंग दिसला की आधी हातोडी घ्या, धड लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं.

फोर लो, म्हणजे चारही चाकं जोराने पण हळू फिरवणारा गिअर, टाकून बघाच, बऱ्याच गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो. पण कच्च्या चढावर हां, कोरड्या डांबरावर नको, पार्ट टाइम सिस्टीमला (लागेल तेव्हाच फोर बाय फोर टाकायची ती) पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. त्या पेटीतलं ऑइल काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

घेतलीत तर खालून गोड्या पाण्याने धूत राहा, आणि हौसेने पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, नेऊ नका, रुतली आणि भरती आली की ओढून काढायला ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव. १५ वर्षं होत आली असतील तर आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत बघा, पुढे फिटनेस तपासणी करून ५ वर्षांनी वाढवावी लागते, तो खर्च आत्ताच किमतीतून कापून मागा.