वेबपानाच्या कोडमध्ये रिस्पॉन्सएक्सएमएल एक दिवस नीट येतो, दुसऱ्या दिवशी नल (म्हणजे काहीच नाही), मदत हवी आहे

नमस्कार, बुधवारपासून एकाच ठिकाणी अडकलोय, कुणाला कळलं तर प्लीज सांगा. बाबांचं पुस्तकांचं दुकान आहे, वितरकाकडून रोज सकाळी नव्या पुस्तकांची यादी एक्सएमएलमध्ये (टॅग लावून माहिती लिहायची पद्धत) मिळते, ती दुकानाच्या पानावर दाखवायला मी ब्राउझरचं साधं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (सर्व्हरवरून डेटा मागवायची सोय) वापरलंय, तयार कोडची लायब्ररी वगैरे काही नाही. सोमवार-मंगळवार यादी मस्त दिसली, बुधवारी पान कोरं आणि रिस्पॉन्सएक्सएमएल (ब्राउझरने वाचून तयार केलेलं एक्सएमएल डॉक्युमेंट) नल, गुरुवारी आपोआप चालू, आज परत नल. कोडला हातही लावलेला नाही.

आधी वाटलं कॉर्सची (दुसऱ्या साइटचा डेटा वाचण्यावर ब्राउझरची बंधनं) भानगड असेल, पण मग स्टेटस ० आला असता ना, इथे २०० (म्हणजे विनंती यशस्वी) येतोय आणि रिस्पॉन्सटेक्स्टमध्ये (उत्तराचा कच्चा मजकूर) अख्खी यादी दिसतेय. कंटेंट-टाइप (सर्व्हर सांगतो तो डेटाचा प्रकार) चुकला तरी नल येतो असं वाचलं म्हणून ब्राउझरचा नेटवर्क टॅब बघितला, तिथे टेक्स्ट/एक्सएमएलच आहे, तरी सेंडच्या आधी ओव्हरराइडमाइमटाइप (तो प्रकार आपणच ठरवून द्यायची सोय) टाकून पाहिलं, काही फरक नाही. ट्राय-कॅचमध्येही (कोडमधली एरर पकडायची रचना) काही सापडत नाही. गिऱ्हाईकं यादी बघून फोन करतात हो, बाबा रोज विचारतात आज लागली का.

प्रतिसाद १:
कोड तोच आणि दिवसागणिक फरक, म्हणजे दोष डेटात आहे. एक्सएमएल एका जागी जरी बिघडलेलं असलं तरी ब्राउझर पूर्ण डॉक्युमेंट टाकून देतो, एचटीएमएलसारखं सांभाळून घेत नाही, आणि एरर फेकत नाही म्हणून कॅचमध्ये काही येत नाही. रिस्पॉन्सटेक्स्ट घेऊन डीओएमपार्सरला (मजकुरातून डॉक्युमेंट बनवणारी ब्राउझरची सोय) द्या. तोही एरर फेकत नाही, पण बिघाड असेल तर डॉक्युमेंटमध्ये पार्सरएरर नावाचा टॅग टाकतो, क्वेरीसिलेक्टरने (टॅग शोधायची कमांड) तो शोधा आणि त्यातला मजकूर छापा, ओळ नंबर मिळेल.

धागाकर्ता:
मिळाला!! ओळ २१२, 'एंटिटीरेफ नो नेम' असं काहीतरी. त्या ओळीत प्रकाशकाच्या नावात नुसतं & आहे. बुधवारची फाइल ठेवली होती, तिच्यातही तोच प्रकाशक. आता सगळे & रिप्लेस करून टाकू का?

प्रतिसाद २:
सरसकट नको. एक्सएमएलमध्ये नुसतं & चालत नाही, त्याच्यानंतर एएमपी आणि सेमीकोलन लागतं, पण जिथे ते आधीच बरोबर लिहिलंय तिथे दुसऱ्यांदा बदल होईल आणि पुस्तकाच्या नावात एएमपी दिसायला लागेल. रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) पुढे बघायची अट घाला, & च्या पुढे आधीच एएमपी, एलटी, जीटी, क्वोट, अपॉस (खास चिन्हांची एक्सएमएलमधली नावं) किंवा # आणि आकडा असेल तर सोडून द्या. हे फक्त तात्पुरतं हं, उद्या एखाद्या नावात < आलं की परत अडकून बसाल, खरी दुरुस्ती वितरकाकडेच. एक्सएमएल हाताने स्ट्रिंग जोडून बनवत असतील तर बहुतेक वेळा असंच होतं.

धागाकर्ता:
रेजेक्स टाकला, यादी लागली, बाबांना फोन करून सांगितलं. वितरकाला ओळ नंबरासकट मेल केलाय. दोघांचेही मनापासून आभार. एकच राहिलं, रूटचा (सगळ्यात बाहेरच्या टॅगचा) फर्स्टचाइल्ड, म्हणजे आतला पहिला भाग, घेतला की पुस्तकाऐवजी रिकामा टेक्स्ट का येतो?

प्रतिसाद १:
दोन टॅगमधली नवी ओळ आणि स्पेस हाही टेक्स्ट नोड (डॉक्युमेंटमधला मजकुराचा तुकडा) असतो. फर्स्टएलिमेंटचाइल्ड वापरा, तो फक्त टॅग मोजतो.