आडवी बाटली आणि मतदार यादी

दारूबंदीचे मतदान हरले म्हणजे गावातल्या बायकांनाच दुकान हवे होते, हा नेहमी काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. २५ टक्के महिला मतदारांनी दुकान बंद करण्याची मागणी केल्यावर गुप्त मतदान होते, हे खरे. पण महाराष्ट्रातील नियमानुसार ‘आडवी बाटली’ (मतपत्रिकेवरील दुकान बंद करण्याच्या बाजूचे चिन्ह) जिंकण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते लागतात. म्हणजे जी मतदानाला येऊच शकली नाही, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात पडते.

आमच्या भागातील एका गावात कार्यकर्त्या यादी हातात घेऊन घरोघर फिरल्या, तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, वारलेल्या सासवा आणि ऊसतोडीला गेलेल्या बायका अशी नावेच नावे निघाली. मतदानाच्या मागणी अर्जावरील सह्यांच्या पडताळणीतही यादीत माहेरचे नाव आणि अर्जावर सासरचे, एवढ्यावरून अडचण येते. त्यामुळे प्रभातफेरीच्या आधी नावे वगळण्याचे आणि दुरुस्तीचे अर्ज भरून घ्यावेत, आणि मतदान तोडणीच्या हंगामात येऊ नये यासाठी तहसीलदारांकडे लेखी आग्रह धरावा.