फुलदाणीतली फुलं: तुमच्याकडे किती दिवस टिकतात?

चार दिवसांपूर्वी दहा गुलाब भेट मिळाले. आज सकाळी पाहतो तर सहांनी माना टाकलेल्या. पाकळ्या टवटवीत, पण फुलाखालचा देठ मोडल्यासारखा वाकलेला. पाणी तर काठोकाठ होतं! फुलदाणी उपडी केल्यावर जो कुबट वास आला, त्यावरून काय चुकलं ते कळलं. मी पाणी बदललंच नव्हतं, रोज नुसती वरून भर घालत होतो.

तुम्ही काय करता? स्वतः करून पाहिलेलं लिहा, फसलेलं तर नक्कीच लिहा. 'असं करतात म्हणे' नको.

* * *

तो वास म्हणजे जिवाणू. कापलेल्या देठातून पाझरणाऱ्या रसावर ते पोसतात आणि पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडं बुजवतात. त्यामुळे गळाभर पाण्यात उभं राहूनही फूल तहानलेलंच.

मी फुलदाणी जेवणाच्या ताटासारखी साबणाने घासते. नुसती विसळून चालत नाही, आतला बुळबुळीत थर तसाच राहतो. पाण्यात बुडेल असं एकही पान ठेवत नाही, कारण सगळ्यात आधी तेच कुजतं. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि त्याच वेळी देठ दोनेक सेंटिमीटर तिरका छाटायचा. तिरका अशासाठी की तो तळाला सपाट चिकटून बसत नाही. सुरी धारदार हवी. बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

* * *

माना टाकलेले गुलाब फेकू नका! बऱ्याचदा देठात हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. देठाचं टोक पाण्याखाली धरून कापा आणि अख्खा गुलाब, फुलासकट, कोमट पाण्यात तासभर आडवा ठेवा. माझे पाचातले तीन उठले होते. अगदी जून झालेले मात्र उठत नाहीत.

* * *

एकदा हौसेने प्रयोग केला. एकाच गुच्छातली फुलं, चार ग्लास. एकात साधं पाणी, एकात ॲस्पिरिनची गोळी, एकात तांब्याचं नाणं, एकात नुसती साखर. गोळी आणि नाण्याने तसूभरही फरक पडला नाही. साखरवाल्या ग्लासातलं पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ, आणि फुलंही तिथलीच सगळ्यात आधी गेली. साखर फुलाला हवी असते हे खरं, पण जिवाणूंनाही हवी असते ना.

त्यानंतर मी तिन्ही गोष्टी एकत्र घालतो: एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे मोजके थेंब. आंबटपणामुळे पाणी देठात सहज चढतं, ब्लीच जिवाणूंना आवरतं. ब्लीच आणि लिंबाचा रस थेट एकमेकांत ओतायचे नाहीत हं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आधी सगळं पाणी घ्यायचं, मग त्यात एकेक. फुलांसोबत छोटी पुडी आली असेल तर हा खटाटोप करूच नका, त्यात हेच असतं. फक्त पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. मी 'पुरवून' दोनदा वापरली होती, उपयोग शून्य.

* * *

माझा शत्रू निघाला केळ्यांचा घड. कार्नेशन नेहमी टेबलावर फळांच्या परडीशेजारी ठेवायचे आणि दोन दिवसांत पाकळ्या आत मिटून झोपी जायच्या. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. जागा बदलली, बाकी काहीही नाही. पुढचा गुच्छ जवळजवळ दोन आठवडे टिकला. कोमेजलेलं फूलही हा वायू सोडतं, तेव्हा ते लगेच काढा. आणि फ्रिजमध्ये फळं असतील तर फुलं तिथेही नकोत.

* * *

जरबेरा: फुलदाणीत चार बोटंच पाणी. देठ लवदार असतो, जेवढा बुडेल तेवढा सडतो. बास.

* * *

ट्यूलिप कापल्यावरही वाढतात हे मला माहीतच नव्हतं. रात्री नीट रचलेला गुच्छ सकाळी वेडावाकडा, सगळे खिडकीकडे झुकलेले. आता रोज फुलदाणी थोडी फिरवते, बाकी त्यांची मर्जी. एकदा त्यांच्यात डॅफोडिल खोचले होते, तेव्हा ट्यूलिप भराभर माना टाकू लागले. डॅफोडिलच्या देठातून चिकट द्रव गळतो, तो इतर फुलांना बाधतो. डॅफोडिल आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवायचे आणि मिसळताना पुन्हा कापायचे नाहीत. कापले की परत गळणार.

* * *

विषय थोडा बाजूला जातोय, पण घरी मांजर असेल तर लिली आणूच नका. परागकण अंगावर पडले आणि चाटले, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायली, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर नसेल तर उमलल्याबरोबर परागकोश चिमटीने काढून टाका. कपड्यावर डाग पडलाच तर चोळू नका, चिकटपट्टीने टिपा.

* * *

हायड्रेंजिया मलूल झाला तर अख्खा गेंद गार पाण्यात अर्धा तास बुडवा. तो वरूनही पाणी पितो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूच वाटली होती.

* * *

धागाकर्ता परत हजर. कोमट पाण्यातून सहातले चार उठले. फुलदाणीचा गळा अरुंद, हात जात नाही, म्हणून साबणाच्या पाण्यात जाडं मीठ घालून खळखळून हलवली. काय काय निघालं, विचारू नका! आज दहावा दिवस. आठपैकी पाच अजून उभे आहेत. दोघांच्या बाहेरच्या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या, तेवढ्या खुडल्या. केळी आता स्वयंपाकघरात.